चिकटपट्टीवरची अक्षरं

अतिदक्षता विभागात मी नऊ वर्षं सिस्टर होते. तिथल्या इन्फ्युजन पंपांवर, मॉनिटरवर, औषधांच्या ट्रॉलीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असायचे. ‘हे बटण दोनदा दाबा.’ ‘आधी क्लॅम्प, मग बंद.’ कुणीतरी कधीतरी रात्रपाळीत पेनाने लिहिलेलं. नव्या मुलीला हँडओव्हर देताना पेशंटबरोबर या पट्ट्याही समजावून द्याव्या लागत. पुढे मी नोकरी सोडून यूएक्स डिझाइन शिकायला लागले, म्हणजे यंत्र किंवा ॲप वापरताना माणसाला काय अनुभव येईल, याची आखणी. ‘इतकी वर्षं वाया घालवलीस,’ असं घरचेही म्हणाले. मला मात्र त्या पट्ट्या आठवत होत्या. यंत्र आखणाऱ्याकडून जे काम राहून गेलं होतं, ते आम्ही पेन आणि पट्टी घेऊन पुरं करत होतो. नव्या क्षेत्रात मी कोरी पाटी घेऊन आले नव्हते.

रुग्णालयात चूक झाली की पहिला प्रश्न येतो, ‘ड्युटीवर कोण होतं?’ मग मेमो, खुलासा, आणि ‘यापुढे काळजी घ्यावी’ ही ताकीद. काळजी घेणं हेच जिचं काम, तिला काळजी घ्यायला सांगून काय बदलणार? एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या टोपणाच्या दोन औषधांच्या कुप्या शेजारी ठेवल्या, तर पहाटे चार वाजता कुणाचाही हात चुकेल. डिझाइनने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुसरा प्रश्न: हात तिकडे गेलाच का?

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची हकिकत मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली. त्यांतले काही दगावले. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि जुन्या यंत्रांत असलेले सुरक्षेचे अडसर यात काढून टाकले होते. पण माझं मन अडकतं ते पडद्यावरच्या संदेशापाशी. तिथे फक्त ‘मालफंक्शन ५४’ असं उमटायचं. म्हणजे काय, रुग्णाला धोका आहे का, यातलं काहीच नाही. यंत्र असं वारंवार अडायचं आणि एक कळ दाबली की पुढे चालायचं. चालवणाऱ्यांना त्याची सवय झाली. दिवसभर कारणाशिवाय वाजणारे अलार्म ज्याने ऐकले आहेत, त्याला या सवयीत बेफिकिरी दिसणार नाही. ती यंत्रानेच लावलेली असते.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटभर श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या दाईला तेवढे अंक येत नसत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिच्यासाठी श्वास मोजण्याचं एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर एक ओळ, मोठं असेल तर दुसरी. वाळू संपण्याआधी मणी संपले, की श्वास जलद आहे. दाईला दहापर्यंत मोजता येतं, हे त्यांनी पाहिलं आणि सगळी रचना त्यावर उभी केली. यात स्क्रीन नाही, वीज नाही. तरी यूएक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच दाखवते.

वॉर्डातून येणाऱ्या माणसाकडे ही नजर बऱ्याच अंशी तयार असते. पेशंट ‘बरं आहे’ म्हणतो आणि त्याचा हात पोटावर असतो. आम्ही हाताकडे बघायला शिकलेलो असतो. ॲप वापरणाऱ्या आजी ‘सोपं आहे हो’ म्हणतात आणि त्यांचं बोट बटणावर थबकतं. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकता आलं. हे थबकणं दिसायला वॉर्डातली वर्षं लागली होती.

गमावलंही बरंच. व्हेंटिलेटरवरून उतरलेला माणूस पहिल्यांदा पाणी मागतो, तो क्षण या कामात नाही. मी केलेल्या बदलामुळे जी चूक झालीच नाही, तिचा पेशंट मला कधी भेटणार नाही. शिवाय प्रत्येक चांगल्या सिस्टरने वॉर्ड सोडावा, असंही मला वाटत नाही. यंत्र खरेदी करताना, ॲप बनवताना रात्रपाळीच्या सिस्टरला विचारलं गेलं, तर तिला तिचं म्हणणं ऐकवण्यासाठी माझ्यासारखा व्यवसाय बदलावा लागणार नाही.

तोवर मी अधूनमधून वॉर्डात जाऊन बसते. आमच्या टीमने आखलेल्या स्क्रीनच्या कडेला परवा एक पांढरी पट्टी दिसली. सोबतचा तरुण सहकारी ती काढायला पुढे झाला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, आधी वाच.