विक्रीस निघालेली घरे

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींच्या स्तंभात, हरवलेल्या दस्तऐवजांच्या सूचना आणि वधूवरविषयक मजकूर यांच्या मध्ये कोठेतरी, रत्नागिरी-सिंधुदुर्गातील एखाद्या गावचे प्रशस्त, चिरेबंदी, कौलारू घर, बारमाही विहीर, आंबा-काजूची कलमे आणि माडा-पोफळीचे आगर यांसह विकणे आहे, अशा आशयाच्या चार ओळी आता इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की त्या वाचून फारसे कोणी थबकत नाही. जे थबकतात त्यांच्या मनात बहुधा हळहळ उमटते. वाडवडिलांनी उभारलेली वास्तू मुलानातवंडांनी बाजारात मांडली, याची ती हळहळ असते. ती खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि अपुऱ्या भावनेवर उभारलेला विचार माणसाला निर्णयापर्यंत नेत नाही. माझे म्हणणे असे की, वडिलोपार्जित घर विकण्यात अधर्म नाही. त्यात न राहता, ते न वाटता आणि न विकता, केवळ 'आपले' म्हणून कोसळू देण्यात मात्र तो निश्चित आहे.

हे घर मुळात काय होते, ते आधी पाहिले पाहिजे. समोर शेणाने सारवलेले खळे आणि तुळशीवृंदावन. पायऱ्या चढून पडवी, मग ओटी, तिच्या आत माजघर. एका अंगास देवघर आणि बाळंतिणीची खोली, दुसऱ्या अंगास कोठार. मागे स्वयंपाकघर व मागील पडवी. वर माळा, आणि जरा अंतरावर गोठा व मांगर. जांभ्या दगडाच्या भिंती, फणसाचे खांब, ऐन-किंजळीचे वासे. शहरातल्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला हा विस्तार पाहून वैभवाचा भास होतो. परंतु या जागेपैकी पुष्कळशी जागा माणसांसाठी नव्हतीच. खळ्यात भात झोडले जाई आणि सुपारी वाळे, कोठारात वर्षाचे धान्य राही, पडवीत नांगर, जू आणि इरली टांगलेली असत, माळ्यावर नारळ साठत. घर आणि जमीन या दोन स्वतंत्र मिळकती नव्हत्या. एकाच संसाराची ती दोन अंगे होती, आणि जमिनीने जे पिकवावे ते सामावून घेण्याइतके मोठे असणे हे घराला भागच होते.

हा प्रशस्तपणा कोणाच्या श्रमावर उभा होता, हा प्रश्न हळहळणाऱ्याने टाळू नये. मोठ्या घरांपैकी कित्येक घरे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वा सावकारांची होती, आणि त्यांच्या कोठारात येणाऱ्या भातातील मोठा भाग ज्या हातांनी पिकवला त्यांच्या वाट्याला वर्षाची तोंडमिळवणीही येत नसे. तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला कुळांचा संप, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक, १९४८ चा कुळवहिवाटीचा कायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, आणि अखेर १ एप्रिल १९५७ हा 'कृषिदिन', ज्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली, हा सारा क्रम न्यायाचा होता, असे कोणताही आडपडदा न ठेवता म्हटले पाहिजे. त्या न्यायाचा एक परिणाम असा झाला की, ज्या भातशेतीच्या मापाने घर बांधले गेले होते ती कसणाऱ्याकडे गेली, आणि घर, आगर व थोडी वरकस जमीन एवढेच मूळ कुटुंबाकडे उरले. कोठार राहिले, त्यात भरायचे भात राहिले नाही.

पुढची कित्येक वर्षे ही पोकळी मुंबईच्या मनीऑर्डरीने भरून काढली. खोतांच्या घरातला कारकून आणि कुळाच्या घरातला गिरणीकामगार, दोघेही गिरगाव-लालबागच्या खोल्यांतून गावाकडे पैसे पाठवीत, आणि गणपती व शिमगा या दोन निमित्तांनी स्वतः येत. १९८२ च्या संपाने गिरण्यांचा आधार निखळला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईला जाणे-येणे पूर्वीपेक्षा कितीतरी सुकर झाले. परंतु त्यामुळे सणाला येणे जसे सोपे झाले तसे कायमचे निघून जाणेही. २००१ च्या जनगणनेत सुमारे १६ लाख ९७ हजार असलेली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे रिते होत होते.

आणि कोकणात बंद घर फार काळ तग धरीत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात मृगापूर्वी घर शाकारावे लागते, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवावी लागतात. ते एक वर्ष चुकले की वानरांनी सरकवलेल्या एखाद्या कौलातून पाणी वाशावर उतरते, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर, आणि मातीत बांधलेल्या जांभ्याच्या सांध्यांतील माती विरघळू लागते. चूल पेटती असती तर तिच्या धुराने वरचे लाकूड किडीपासून राखले असते. माणूस वावरत असता तर भिंतीवर चढणारी वाळवीची वाट त्याने पहिल्याच आठवड्यात खरवडून काढली असती. बंद घरात हे कोणी करीत नाही, आणि थोड्याच पावसाळ्यांत आढे वाकते. घराला मालक असून चालत नाही, त्याला राहणारा लागतो.

मग कुलूप का राहते? याचे उत्तर सातबाराच्या उताऱ्यावर मिळते. तेथे आजोबांचे नाव असते, नावापुढे 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, अशी अक्षरे. ते मयत झाल्यावर ते नाव कमी होते आणि खाली चार मुलांची नावे येतात. त्यांतील दोघांची नावेही कमी होऊन त्यांची मुले येतात. एकाच्या वारसांची नोंदच झालेली नसते. आणि मुलींची नावे पुष्कळदा उजवीकडे, 'इतर हक्क' या रकान्यात, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासारखी लिहिलेली असतात. जमीन अशी सामाईक, घर मात्र ग्रामपंचायतीच्या आकारणीत तिसऱ्याच कोणाच्या नावे. पंधरा-वीस हिस्सेदार पुणे, ठाणे, बडोदे आणि परदेश यांत विखुरलेले. प्रत्येकाच्या हक्काला मोल, आणि कोणाच्याच कर्तव्याला जागा नाही. शाकारणीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न निघाला की सर्वांचे म्हणून असलेले घर कोणाचेच नसते.

कायद्याने घराला इतर मिळकतींहून निराळे मानले आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ४४ व्या कलमानुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला कुटुंबाबरोबर त्या घरात कब्जा मागता येत नाही. १८९३ च्या विभाजन अधिनियमाने अशा परक्याने वाटपाचा दावा लावल्यास त्याचा हिस्सा योग्य किमतीस विकत घेण्याची मुभा घरच्या हिस्सेदारांना दिली. मात्र घराचे ऐक्य राखण्याची ही जाणीव एके ठिकाणी अन्यायाचे रूप घेऊन आली: १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २३ व्या कलमाने, पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करीत नाहीत तोवर मुलीला राहत्या घराचे वाटप मागण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला आणि ते २३ वे कलमही गेले. तरीही घर विकायची वेळ आली की बहिणींना हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावतात आणि माहेरपण टिकवायचे असेल तर सही करावी, असे न बोलता सुचवतात. माहेर आणि हक्क यांत निवड करायला लावणारे घर कितीही चिरेबंदी असले तरी त्याचा पाया नीतीचा नव्हे.

विकायचे तर कोणाला, हा प्रश्न किमतीहून मोठा आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन, परवानगीवाचून, विकत घेता येत नाही, हे कूळकायद्याचे ६३ वे कलम कसणाऱ्याच्या हिताचे आहे. पण दुसरीकडे कोठे तरी शेतकरी ठरलेला धनिक त्यातून सहज पार होतो, आणि मग घर पाडून, कलमे तोडून, डोंगराचा उतार यंत्राने सपाट करून भूखंड पाडले जातात. त्यात घराबरोबर आणखीही काही नाहीसे होते. त्या आगरातून वाडीला जाणारी पाणंद असते, त्या विहिरीवर उन्हाळ्यात चार घरे पाणी भरतात, शिमग्याला पालखी त्या खळ्यात येऊन टेकते. वीस वर्षे निर्वेधपणे चाललेल्या वहिवाटीला १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने मान्यता दिली आहे; पण शेजारच्या गरिबाने न्यायालयात जाऊन ती सिद्ध करावी आणि विकणाऱ्याने तोवर गप्प राहावे, हे शोभत नाही. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना वाट आणि पाणी यांचाही उल्लेख करणे ही विकणाऱ्याची शेवटची, आणि माझ्या मते पहिली, जबाबदारी आहे. भाव थोडा कमी आला तरी चालेल, पण गावात राहणाऱ्या, गावात परतू इच्छिणाऱ्या, किंवा ज्याच्या आजोबांनी त्याच जमिनीत कूळ म्हणून घाम गाळला अशा कुटुंबाला आधी विचारावे. ज्या श्रमाने ते घर उभे राहिले त्या श्रमाच्या वारसाने त्या घराचा मालक व्हावे, यात मला इतिहासाची एक उचित परिपूर्ती दिसते.

घर मुळीच विकू नये, असे मानणारेही आहेत, आणि त्यांच्यापाशी कुळाचाराचा, देवघराचा, पूर्वजांच्या स्मृतीचा आधार आहे. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, राहणार कोण? हिस्सेदारांपैकी एखादा भाऊ, बहीण वा पुतणी तेथे राहून बाग राखायला, पर्यटकांसाठी निवास-न्याहारीची सोय करायला तयार असेल, तर इतरांनी आपले हिस्से बाजारभावाच्या हट्टाशिवाय त्याला वा तिला द्यावेत. तो सर्वांत उत्तम मार्ग होय. कोणीच तयार नसेल, तर देव विधिपूर्वक शहरातल्या घरी आणता येतात. ज्या घरात वर्षाचे साडेतीनशे दिवस दिवा लागत नाही तेथे पूर्वजांची स्मृती राखली जाते असे म्हणणे हे त्या पूर्वजांच्या कष्टांचे अवमूल्यन आहे.

दिवाळीच्या दिवसांत विखुरलेली कुटुंबे एकत्र येतात. ज्यांचे असे घर गावी बंद पडले आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, सातबारा आणि आठ-अ यांचे ताजे उतारे काढून सर्वांसमोर ठेवावेत, मयतांच्या वारसांच्या नोंदी करून घ्याव्यात, बहिणींची नावे त्यांच्या योग्य रकान्यात आणावीत, सरकारी मोजणीचा अर्ज करावा, आणि घरातील वृद्ध माणसे बोलू शकताहेत तोवर राहणे, देणे किंवा विकणे यांपैकी एक निर्णय घ्यावा. निर्णय कोणताही असो, तो पुढच्या मृगाच्या आत घ्यावा.