सोडून दिलेला मासा

अमेरिकेतील यूटा संस्थानात, सुमारे ७,६०० फूट उंचीवर, स्ट्रॉबेरी नावाचा जलाशय आहे. पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत हौशी मनुष्य हवेने फुगविलेल्या आसनात बसतो आणि पायांतील रबरी पंजांनी पाणी मारीत पाठमोरा सरकत गळ टाकतो. लागलेला मासा पुष्कळदा तो सोडून देतो. यास दया म्हणावे काय? पोटासाठी मासे मारणारा कोळी निर्दय आणि करमणुकीसाठी त्यांचे तोंड फाडणारा दयाळू, असा निवाडा करणे आम्हांस तरी जड जाते. शिवाय ही दया बरीचशी सक्तीची. चब नावाचे नकोसे मासे निपटण्यासाठी १९९० साली तेथे रोटेनोन हे विष घातले गेले. पुढे त्याच चबांस खातो म्हणून १५ ते २२ इंचांचा कटथ्रोट ट्राउट सोडलाच पाहिजे, असा नियम झाला. जीवदान मिळाले ते उपयोगास! तथापि माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर जाऊ नये म्हणून तो मनुष्य बधिर झालेले हात आधी ओले करतो आणि मासा सावरेपर्यंत त्यास पाण्यात अलगद धरून राहतो. त्या वेळी त्याच्या मनात कायदा असेल, असे आम्हांस वाटत नाही.