चुकलेल्या उत्तराचे पुढे काय होते?

म्हैसूरच्या मंडकळ्ळी विमानतळाची धावपट्टी 1740 मीटरची. मोठ्या जेट विमानांना ती अपुरी पडते, पण शिकाऊ सेस्नाला भरपूर होते. आमच्या लष्कर मोहल्ल्यात, अशोका रोडच्या मागच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या एका मराठी घरातले दोन चुलत भाऊ वैमानिक व्हायला निघाले आहेत. थोरला फ्लोरिडात शिकून आला. धाकटा इथेच ग्राउंड क्लास करून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, पेपर देतो आहे. दोघांचे निकाल मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि दोन देशांतला फरक मला त्या दोन कागदांवर दिसला.

थोरल्याच्या लेखी परीक्षेच्या निकालपत्रावर गुण होतेच. त्याखाली अक्षरे आणि आकडे मिळून झालेले काही संकेतही छापले होते. जिथे उत्तर चुकले, तिथला विषय प्रत्येक संकेतातून कळतो: हवामानाचा नकाशा वाचणे, वजन आणि तोल, हवाई क्षेत्राचे नियम. उड्डाणाच्या परीक्षेला बसण्याआधी प्रशिक्षकाला हे विषय पुन्हा शिकवावे लागतात आणि तसे सही करून द्यावे लागते. परीक्षक तो कागद हातात घेऊनच तोंडी परीक्षा सुरू करतो आणि चुकलेले तेच मुद्दे विचारतो. धाकट्याच्या निकालात विषयाचे नाव होते, गुण होते आणि नापासाचा शेरा. ‘‘नेमकं कुठं चुकलं रे?’’ मी विचारले. ‘‘काय माहीत, काका. अडुसष्ट पडले. सत्तर लागतात.’’ पुढच्या वेळी तो पुन्हा सगळे पुस्तक पाठ करणार. चूक कुठली होती, हे त्यालाही कळणार नाही आणि त्याच्या शिक्षकालाही.

वरवर पाहता दोन्ही व्यवस्था एकाच मुळातून आल्या आहेत. 1944 च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण हवे. मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम असेल तर 150 चालतात. भारत 200 मागतो. त्यांतले 100 तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, आणि एक प्रवास किमान 300 सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. अमेरिका साधारणपणे 250 मागते, मान्यताप्राप्त शाळेतून शिकल्यास 190. लेखी परीक्षेत दोन्हीकडे 70 टक्के लागतात. आकडे एवढे जवळ असल्यामुळे चर्चा बहुधा तासांवरच अडकते.

तासांनी काय साधते, हे अमेरिकेनेच फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळले आणि 50 माणसे गेली. विमान स्टॉलमध्ये जाऊ लागले, म्हणजे पंखांची उचल सुटू लागली, तेव्हा नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने दांडा मागे ओढला. त्यानंतर अमेरिकी संसदेने एअरलाइनच्या सहवैमानिकालाही 1500 तासांची अट घातली. पण त्या रात्री कॉकपिटमधल्या दोघांचेही तास त्याहून जास्तच होते. चौकशीत पुढे आले ते वेगळेच. कॅप्टन आधी उड्डाणाच्या अनेक परीक्षांत नापास झाला होता आणि त्यांतल्या सगळ्या कंपनीला ठाऊक नव्हत्या. पुढे वैमानिकांच्या नोंदींचा राष्ट्रीय कोश उभारला गेला, तो यातूनच. माझ्या लेखी 1500 च्या आकड्यापेक्षा ही सुधारणा कितीतरी मोलाची आहे.

आपल्याकडे बरोबर उलटे घडले. जानेवारी 2011 मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरवले गेले. त्याच्या चौकशीतून वैमानिकाच्या वरच्या परवान्याच्या गुणपत्रिका बनावट असल्याचे बाहेर आले, आणि मग आणखी काहींच्या. पुढे परीक्षा संगणकावर गेल्या, ते योग्यच झाले. पण सगळे मोल जिथे एका आकड्याला, तिथे तो आकडा कसाही मिळवण्याचा मोह राहणारच. शिक्षकाच्या सहीला आणि परीक्षकाच्या प्रश्नांना त्या आकड्याइतके वजन असते, तर नुसती गुणपत्रिका बनवून भागले नसते.

रेडिओची परीक्षा घ्या. अमेरिकेत देशांतर्गत उड्डाणासाठी तिचा वेगळा परवाना नाही. मनोऱ्याशी नीट बोलता येते की नाही, हे परीक्षक हवेत, बाजूला बसून पाहतो. आपल्याकडे आरटीआर ही स्वतंत्र परीक्षा. वर्षानुवर्षे ती दूरसंचार खात्याकडे होती, आणि मुले तिचे ठरावीक संवाद घोकून जात. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे आणली. बोलण्याची आणि उडवण्याची परीक्षा आता एकाच घरात आली आहे.

अमेरिकेचे सगळेच घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. तिथले नेमलेले परीक्षक उमेदवाराकडूनच फी घेतात, आणि सैल परीक्षक शोधत फिरणारे तिथेही आहेत. शिवाय परदेशातून आलेल्या मुलाला नियमांचा पेपर पुन्हा द्यावा लागतो, ते मला रास्त वाटते. तिथे हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, इथे हेक्टोपास्कलमध्ये. आणि कोकणावर चढून येणारा मोसमी ढग फ्लोरिडात शिकता येत नाही. पण नॅव्हिगेशनही पुन्हा कशासाठी? वाऱ्याचा त्रिकोण दोन्ही देशांत सारखाच सुटतो.

शाळांकडेही आता पाहणे सुरू झाले आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीत काही दिवसांच्या अंतराने दोन शिकाऊ विमाने कोसळली आणि तिथल्या शाळेचे प्रशिक्षण थांबवावे लागले. ऑक्टोबर 2025 मध्ये डीजीसीएने उड्डाणशाळांची पहिली क्रमवारी लावली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही. 13 ‘ब’मध्ये आणि 22 ‘क’मध्ये. इतके उघडपणे सांगण्याचे धैर्य डीजीसीएने दाखवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण ही श्रेणी झाली शाळेची. एखाद्या प्रशिक्षकाने सही करून पाठवलेली मुले पहिल्या खेपेला किती उत्तीर्ण होतात, हे अमेरिकेत त्याचा स्वतःचा शिकवण्याचा अधिकार चालू ठेवतानाही धरले जाते: दोन वर्षांत किमान पाच उमेदवार पाठवले आणि त्यांतले 80 टक्के पहिल्याच प्रयत्नात निघाले, तर तेवढ्यावर तो अधिकार पुढे चालू राहतो. त्यामुळे शिकवण्याची अब्रू शिकवणाऱ्याच्या नावावर राहते. आपल्याकडे बरेच जण दोनशे तास झाले की टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमानाची पात्रता, मिळवून थेट एअरबसच्या उजव्या खुर्चीत जाऊ पाहतात. शिकवण्यासाठी मागे थांबणारे थोडे, आणि थांबलेल्यांच्या कामाची नोंद कोणी ठेवत नाही.

कायदा बदलण्याआधीही एक गोष्ट होण्यासारखी आहे. परीक्षा संगणकावर आहे. कोणत्या विद्यार्थ्याचा कोणता प्रश्न चुकला, हे त्या यंत्रात आधीच नोंदलेले असते. प्रश्न गुप्त ठेवूनही नुसते विषय छापता येतात. ते निकालावर छापावेत, खाली प्रशिक्षकाच्या सहीची जागा सोडावी, आणि उड्डाणाच्या परीक्षेला तो कागद सक्तीचा करावा.