मदत कुणाला पोचते?

आमच्या अकोल्याच्या उर्दू शाळेतून बारावी झालेल्या मुलींसाठी ॲप करावे, असे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले. घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. महाडीबीटीचा अर्ज, ओबीसीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सारे उर्दूत समजावायचे. पण मोबाइल भाईजानचा. ओटीपी त्याच्याकडे आणि तो दुकानावर. मग मदत झाली कुणाची? अर्ज आम्हीच भरून द्यावा, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा आमच्याच दारात. तिला अडाणी ठेवण्याचा गुन्हा आमचा. राजू केंद्रे यांनी 2017 मध्ये यवतमाळात सुरू केलेल्या एकलव्य संस्थेने अशा मुलांमागे त्याच वाटेने पुढे गेलेली माणसे उभी केली. म्हणून आमच्या ॲपच्या पहिल्या पानावर अर्ज नाही, अमरावतीला शिकणाऱ्या एका बाजीचा नंबर टाकायचा आहे. बाजी राजी आहे. तिची अम्मी अजून नाही.