झिलई आणि भट्टी

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २६:२३-२६, १ पेत्र १:६-७



आपल्या घरी पाण्याचा माठ असतो आणि लोणच्याची बरणीही असते. दोन्ही मातीचीच. परंतु माठ पाझरतो, बरणी पाझरत नाही. कारण बरणीवर झिलई चढवलेली असते. झिलई म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. कारागीर खनिजांची बारीक पूड पाण्यात कालवून भांड्याला लावतो. त्या वेळी ती खडूसारखी निस्तेज असते, नखाने खरवडली तरी निघते. भट्टीत ती काचेसारखी वितळते, मातीला घट्ट धरते आणि मगच चकाकते.

आजच्या पाठातील नीतिसूत्रकार दुसऱ्याच भांड्याकडे बोट दाखवतो. वर रुप्याचा मळ, आत साधे खापर. ओठ गोड आणि अंतःकरणात द्वेष, असा मनुष्य त्या भांड्यासारखा आहे, असे तो म्हणतो.

सोळाव्या शतकात फ्रान्समधील सेंत या गावी बर्नार पालिसी नावाचा काचचित्रकार राहत असे. एकदा पांढऱ्या झिलईचा एक सुंदर पेला त्याच्या पाहण्यात आला आणि तशी झिलई आपणही करावी असे त्याने मनात घेतले. मातीकामाची त्याला माहिती नव्हती. कथील, शिसे, वाळू, राख असे अनेक पदार्थ कुटून तो वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिला. एकदा सहा दिवस व सहा रात्री भट्टी पेटती ठेवूनही झिलई वितळेना. लाकूड संपले, तेव्हा त्याने घरातील मेजे आणि जमिनीच्या फळ्याही जाळल्या. शेजारी त्याला वेडा म्हणाले. तो खोटी नाणी पाडतो, असेही कोणी म्हणाले. त्याच्या पत्नीने व मुलांनी या काळात जे सोसले, तेही आपण विसरू नये.

एकदा भट्टीच्या गिलाव्यातील गारगोट्या तडकून त्यांच्या कपच्या झिलईत रुतल्या. ती भांडी स्वस्तात घ्यायला लोक तयार होते. पालिसीने एकही विकले नाही. सर्व फोडून टाकली. सदोष वस्तू आपल्या नावाने घरोघरी जावी, हे त्याला मान्य नव्हते.

पुढे सरडे, साप, मासे यांच्या आकृतींनी सजवलेली त्याची पात्रे राजदरबारी पोहोचली. परंतु तो प्रॉटेस्टंट होता. छळाच्या काळात त्या वृद्धाला कैद झाली. त्याने आपला विश्वास सोडला नाही आणि १५९० च्या सुमारास पॅरिसच्या बॅस्तिल तुरुंगात त्याचा अंत झाला. त्याचा विश्वास ओठांवरचा नव्हता. तो मातीत मुरलेला होता.

बंधुभगिनींनो, रविवारी मंदिराच्या दाराशी आपण हसून हात मिळवतो. परंतु वडिलांच्या घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी दहा वर्षे बोलणे नाही, मंडळीच्या निवडणुकीतील राग अजून गेलेला नाही, असे असेल तर आपली चकाकी कसली? झिलई आणि माती निवताना सारखी आकसली नाहीत, तर चकाकीला बारीक भेगा पडतात. जीभ एकीकडे आणि मन दुसरीकडे असले की तसेच होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक शब्द. पालिसीच्या भट्टीत सरड्याची हिरवी झिलई करपून जाई, तेव्हा पांढरी अजून वितळलेलीही नसे. सर्व मुले एकाच आचेवर तयार होत नाहीत. सुवर्णवचन घडाघडा म्हणणारे मूल तयार झाले असे समजू नका. अडखळणारे मूल वाया गेले असेही समजू नका. धीर धरा.

भाजलेले भांडे बिघडले, तर पालिसीला ते फोडण्यावाचून उपाय नव्हता. आपला कुंभार मात्र बिघडलेल्यालाही नवे करतो. म्हणून या आठवड्यात ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दाराशी आपण स्वतः जाऊ या. ती वाट भट्टीसारखी तापलेली वाटेल. परंतु झिलई तेथेच धरते.

प्रभू आपणांस तसे करण्यास साहाय्य करो. आमेन.