कळवळा शिकवितां येतो काय?

प्रीति हें पवित्र आत्म्याचें फळ आहे, तें शाळेंत वेळापत्रक लावून शिकवितां येत नाहीं, असें आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ वेळां ऐकूं येतें. तरी इंग्लंड व वेल्स या देशांत सोळाव्या वर्षीं शालेय परीक्षा संपवून मुलें पुढील दोन वर्षें ज्या वर्गांत शिकतात आणि ज्यास तेथें ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात (आपल्याकडील अकरावी-बारावीच म्हणाना), त्या वर्गांत गणित व इतिहास यांच्या जोडीस ‘आरोग्य व सामाजिक सेवा’ असाहि एक विषय घेतां येतो. शरीराची रचना, जन्मापासून वार्धक्यापर्यंत मनुष्यांत होणारे फेरफार, दुर्बळांचें संरक्षण, त्यांचे हक्क, दुःखितांशीं बोलावें कसें, हें सर्व त्यांत येतें. त्याची परीक्षा होते आणि गुणहि मिळतात. मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलीस कळवळ्याचे शंभरांपैकीं साठ गुण मिळाले म्हणजे काय झालें? हा प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु ज्याच्या घरीं कोणी अंथरुणास खिळलेलें आहे त्यास तो तसा वाटणार नाहीं.

आक्षेप घेणाऱ्यांचें म्हणणें हलकें नाहीं. सर्वस्व दान केलें तरी प्रीतीवांचून तें व्यर्थ आहे, असें प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस कळविलें होतें. ज्याचें अंतःकरण कोरडें आहे असा मुलगाहि उत्तरपत्रिकेंत रोग्याचा मान राखण्याविषयीं सुरेख निबंध लिहूं शकेल. परीक्षकास हस्ताक्षर दिसतें, हृदय दिसत नाहीं.

पण ज्ञानावांचून प्रीति काय करिते तेंहि पाहावें. अर्धांगवायूचा झटका आलेल्या बापास मुलगा मोठ्या मायेनें, तो उताणा पडला असतांनाच, चमच्यानें पाणी पाजतो. गिळण्याची शक्ति गेली असली तर तें पाणी श्वासनलिकेंत उतरतें, फुप्फुसांस दाह होतो, आणि बाप दगावतो. दुसऱ्या घरीं सून सासूबाईंस हलवीत नाहीं, कारण हलविलें तर त्या कण्हतात. एकाच कुशीवर दिवस काढल्यानें त्यांच्या कमरेस हाडापर्यंत जखम पडते. या दोघांच्या मायेंत उणें कांहीं नव्हतें. दर कांहीं तासांनीं कूस बदलावी, आणि गिळतां येतें कीं नाहीं याची परीक्षा झाल्यावांचून तोंडांत कांहीं घालूं नये, एवढें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. जो आपल्या माणसावर प्रीति करितो त्यानें हें शिकून घेण्याचा कंटाळा करावा, हें आम्हांस पटत नाहीं.

येथवर निकाल शाळेच्या बाजूनें लागला असें कोणी म्हणेल. परंतु त्याच इंग्लंडांतील स्टॅफर्ड येथील रुग्णालयाची हकीकत विसरतां येत नाहीं. सन २००५ ते २००९ या काळांत तेथें रोगी मळलेल्या अंथरुणांत तासन्‌तास पडून राहिले. अन्नपाणी त्यांच्या हातास लागणार नाहीं इतकें दूर ठेविलें जाई. रॉबर्ट फ्रान्सिस या कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखालीं चौकशी होऊन सन २०१३ च्या फेब्रुवारींत अहवाल निघाला, व त्यांत २९० शिफारशी होत्या. पाण्याचा पेला कोठें ठेवावा हें तेथील सेवकांस ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें. माणसें अपुरीं होतीं, वरिष्ठांचें लक्ष पैशाच्या हिशेबाकडे होतें, आणि ज्यांनीं तोंड उघडलें त्यांचें कोणी ऐकलें नाहीं.

अहवालाच्या थोडें आधीं, सन २०१२ च्या डिसेंबरांत, तेथील आरोग्यखात्यानें परिचर्येचे सहा गुण जाहीर केले: काळजी, कळवळा, कौशल्य, संवाद, धैर्य व निष्ठा. इंग्रजींत हे सहाहि शब्द एकाच अक्षरानें सुरू होतात. (आपल्याहि कित्येक उपदेशकांस तिन्ही मुद्दे एकाच अक्षरावर बसविल्यावांचून चैन पडत नाहीं, तेव्हां हंसूं नये.) हे शब्द सिक्स्थ फॉर्मच्या मुलांस शिकवितात. त्यांपैकीं धैर्य आम्हांस सर्वांत मोठें वाटतें, आणि वर्गांत बसून शिकण्यास तेंच सर्वांत कठीण.

तथापि हा अभ्यास पाठांतरावर थांबत नाहीं. इंग्लंडांत सन २०२१ मध्यें आरोग्यविषयाचा ‘टी लेव्हल’ नांवाचा जो अभ्यासक्रम सुरू झाला, त्यांत निदान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणीं घालवावे असा नियम ठरला. अशा ठिकाणीं मुलगी प्रथम दार ठोठावण्यास शिकते, आपलें नांव सांगण्यास शिकते, अंगास हात लावण्यापूर्वीं विचारण्यास शिकते. स्मृतिभ्रंश झालेली आजी स्नान नको म्हणाली तर? तिला ओढून नेऊं नये, आणि ‘नको म्हणाली’ असें वहींत लिहून निघूनहि जाऊं नये. पाणी गार आहे काय, परक्या पुरुषाची लाज वाटते काय, सकाळऐवजीं सायंकाळीं चालेल काय, हें शोधावें. तेथील सन २००५ चा एक कायदा असा आहे कीं, मनुष्यास आपला निर्णय करितां येतो असेंच प्रथम धरून चालावें, आणि तो निर्णय इतरांस शहाणपणाचा वाटला नाहीं एवढ्यावरून तो त्याच्या हातून काढून घेऊं नये. बार्तीमयाचें आंधळेपण सर्वांस दिसत असतां प्रभूनें त्यास तुझी इच्छा काय असें विचारलें. आपण आजारी बापास भाकरी हवी कीं भात हेंहि विचारीत नाहीं. मुलगी हें सर्व आरंभीं सवयीनें करील. कळवळा मागून येईल, कदाचित्‌ येणारहि नाहीं. तरी त्या सवयीस आम्ही ढोंग म्हणणार नाहीं. आजीस तिचा उपयोग झालेला असतो.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यांत कळवळ्याचा उल्लेख एकदांच येतो, आणि त्यामागून सगळें कामच येतें: तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचें जनावर, उतारशाळा. दुसऱ्या दिवशीं शोमरोनी पुढें गेला. त्या जखमी मनुष्याची काळजी घेणें उतारशाळेच्या रखवालदाराकडे आलें, व त्यासाठीं त्यास पैसे मिळाले. त्या रखवालदारावर उपदेश आम्हीं क्वचितच ऐकला आहे. सिक्स्थ फॉर्मच्या या मुलींपैकीं पुष्कळ पुढें त्याच्याच जागीं उभ्या राहतात, आणि इंग्लंडांत त्या कामाचें वेतन थोडें असतें. माणसें मिळेनात म्हणून सन २०२२ च्या फेब्रुवारींत तेथील सरकारनें अशा सेवकांसाठीं परदेशीयांस दार उघडलें. आपल्या देशांतूनहि पुष्कळ जण गेले, कित्येक दलालांस मोठ्या रकमा भरून गेले. आणि सन २०२५ च्या जुलैंत नव्यानें येणाऱ्यांस तें दार बंद झालें. शोमरोन्यानें दोन नाणीं आगाऊ दिलीं, अधिक लागेल तें परत येतांना देण्याचें कबूल केलें, आणि हिशेब रखवालदाराच्या कळवळ्यावर सोडला नाहीं. आजाऱ्यापाशीं रात्रभर बसावयास आपण ज्या विधवा बाईस बोलावितों तिच्या हातावर सकाळीं काय ठेवितों, हें मंडळीच्या पंचांनीं पुढील सभेंत विचारण्यास हरकत नसावी.