हवी सायकल की हवे कौतुक?

नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅले रोडस्टरला नवा साज चढवून देणारा एक कारागीर आम्हाला भेटला. २८ इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, बंद चेनकव्हर, चामड्याची सीट, डायनॅमोचा दिवा. रंग आपल्या पसंतीचा. मात्र त्या किमतीत साध्या चार सायकली येतील.

आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर न्यायला सायकल हवीच, असे आम्ही मनाला समजावले. पण त्याला साधीही पुरते. संत ऑगस्टीन उपयोगाच्या वस्तू आणि आनंदाच्या वस्तू असा भेद करतात; ज्याच्यात मनाने विसावावे असा आनंद एकट्या परमेश्वराचा. म्हणून सुंदर वस्तू वाईट ठरत नाही. जुने लोखंड भंगारात जात नाही, कारागिराला काम मिळते, हेही खरेच. तरी प्रश्न उरतो : आम्हाला सायकल हवी होती, की तिच्यावर बसलेले आम्ही लोकांना दिसायला हवे होतो? धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, ही पळवाटही आम्ही (लाज वाटते सांगायला) शोधून ठेवली होती.

आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही. रंग मात्र कोणी विचारलाच, तर गडद हिरवा.